झोपेच्या खोलीतला आवाज कमी करायचाय? आधी काय, मग काय

‘जाड पडदे कोणते घेऊ?’ रस्त्याच्या आवाजाने त्रासलेली माणसं पहिल्यांदा हेच विचारतात. नाशिकमध्ये द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यातली घरं, नाशिकरोडला रुळांजवळची घरं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांना लागून असलेल्या कॉलन्या, अशा बऱ्याच ठिकाणी मी ओळखीखातर जाऊन पाहिलं आहे. सगळीकडे चूक एकच. क्रम उलटा. आधी खरेदी, मग तक्रार, मग भांडण, आणि आवाज नेमका कुठून आत येतो याचा शोध सगळ्यात शेवटी. आमच्या घरीही मी हीच चूक केली होती. पडद्यांवर पैसे गेले आणि आईची झोप होती तशीच राहिली.

दुसरं एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आम्हाला सवय झालीय हो.’ मनाला सवय होते, हे खरं. शरीराला ती पूर्णपणे होत नाही. झोपेतही कान चालूच असतात. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की आपण जागे झालो नाही तरी नाडी थोडी वाढते, रक्तदाब थोडा चढतो, ताणाची संप्रेरकं सुटतात आणि गाढ झोप हलकी होते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, फक्त अंग जड वाटतं. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ‘आवाज जाणवत नाही’ ही कसोटी धरू नका.

डोळ्यांसमोर ठेवायचे आकडे थोडेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सूचनांनुसार झोपेच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल असावेत आणि एखादा सुटा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. त्याच संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीत रस्त्याच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. शहरात ३० गाठणं अवघड आहे. पण ४८ वरून ४० वर येणं बहुतेक घरांना जमतं आणि झोपेला तेवढ्यानेही बराच फरक पडतो. डेसिबलचं माप सरळ चालत नाही. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात ठेवलं की पुढचे आकडे समजतील.

तयारी: आठवडाभर काहीही विकत घेऊ नका

लागणारं सामान घरातच असतं. एक वही, मोबाइल, टॉर्च, दोन-तीन उदबत्त्या, वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या आणि मोजपट्टी. घरात रक्तदाब मोजायचं यंत्र असेल तर तेही काढून ठेवा.

मोबाइलवर आवाज मोजायचं एखादं मोफत अ‍ॅप घ्या. त्यात ‘ए’ वेटिंग निवडता आलं पाहिजे (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेशी ते जुळतं) आणि सरासरी व सर्वाधिक असे दोन वेगळे आकडे दिसले पाहिजेत. फोनचा माइक अचूक यंत्र नाही, त्यामुळे एकाच फोनवरचा ४६ हा खरोखर ४६ असेल याची हमी नसते. पण त्याच फोनवर काल ४६ आणि आज ४० दिसले, तर तो फरक बराचसा विश्वासाचा असतो. तेव्हा मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच फोनवर करा आणि फोनचं कव्हर काढून ठेवा.

सावधान: कुटुंबातल्या कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर या प्रयोगाच्या भरात ती बंद करू नका. आवाज कमी करणं हा औषधाला पर्याय नाही.

टप्पा १: सात दिवसांची वही

पानावर चार रकाने आखा: वेळ, आवाज कसला, कुठल्या बाजूने आला, झोप मोडली की नाही. रात्री जाग आली तर घड्याळ बघून एक ओळ लिहा. सकाळी उठल्यावर लगेच ‘झोप कशी झाली’ याला पाचपैकी गुण द्या. चहानंतर दिलेले गुण नेहमी थोडे चढे असतात, म्हणून आधीच द्या. ज्येष्ठांचा रक्तदाब रोज सकाळी ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजून त्याच पानावर लिहा.

वही कंटाळवाणी वाटते आणि लोक टाळतात ती हीच पायरी. पण ती निमूटपणे लिहिली की चित्र बदलतं. पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरात सगळ्यांचा राग महामार्गावर होता. सात दिवसांनी वहीत दिसलं की पहाटे चार-साडेचारला येणारी जाग सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीमुळे होती. मोटर सरळ काँक्रीटवर बसवलेली होती आणि तिची थरथर खांबांतून चौथ्या मजल्यापर्यंत चढत होती. तिथे खिडकीला कितीही पैसे लावले असते तरी उपयोग झाला नसता.

वहीत आवाजाचे दोन प्रकार वेगळे करा, कारण उपाय वेगळे आहेत. हवेतून येणारे: हॉर्न, लाउडस्पीकर, कुत्र्यांचं भुंकणं, बोलणं. आणि बांधकामातून येणारे: मोटर, लिफ्ट, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, उड्डाणपुलाच्या सांध्यावरून जड गाडी गेल्यावर जाणवणारी धडधड. भिंतीला किंवा पलंगाच्या पायाला तळहात लावून पाहा. हाताला थरथर लागली तर आवाज बांधकामातून येतोय.

तपासणी: सातव्या दिवशी वहीतल्या पहिल्या तीन त्रासदायक आवाजांची नावं तुम्ही न अडखळता सांगू शकता का? नसाल तर अजून तीन दिवस लिहा.

टप्पा २: मोजणी

पलंगावर, उशीपासून वीतभर अंतरावर फोन ठेवा. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत असेल तर दार लावलेलं. पंधरा मिनिटं मोजा. रात्री अकरा, दोन आणि पहाटे पाच अशा तीन वेळा घ्या. प्रत्येक वेळी एकदा खिडक्या उघड्या ठेवून आणि एकदा घट्ट लावून. सरासरी आणि सर्वाधिक, दोन्ही आकडे लिहा. झोप मोडते ती बहुधा सर्वाधिक आकड्यामुळे, म्हणून सरासरी बरी दिसली की समाधान मानू नका.

आता खिडक्या उघड्या असतानाच्या आकड्यातून खिडक्या बंद असतानाचा आकडा वजा करा. सगळ्या मोजणीचं सार या वजाबाकीत आहे. फरक १० च्या आसपास असेल तर खिडकी नावालाच बंद होते आणि फटींवर काम केलं तर मोठा फायदा मिळेल. फरक २० च्या पुढे असेल तर खिडकी आधीच चांगली आहे. मग उरलेला आवाज भिंतीतून, दारातून किंवा घरातूनच येतोय.

मोजणीत हमखास होणाऱ्या चुका:

फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणं. तिथे वाऱ्याची झुळूक माइकवर आदळते आणि आकडा उगाच फुगतो. रविवारी रात्री मोजून आठवड्याचा अंदाज बांधणं. आणि एकाच ऋतूत मोजणं. थंडीत नाशिकमध्ये रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा हवेत आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि दूरवर पोचतो. डिसेंबरच्या पहाटे नाशिकरोडच्या गाडीचा भोंगा लांबच्या कॉलनीत जवळ आल्यासारखा वाटतो तो यामुळे. उलट एप्रिल-मेमध्ये आपण रात्रीच्या गारव्यासाठी खिडक्या उघड्या टाकून झोपतो. तेव्हा निदान दोन्ही ऋतूंत एकेक रात्र मोजा.

टप्पा ३: आधी घरातला आवाज

बाहेरच्या आवाजाला हात घालण्याआधी आपलं घर शांत करा. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि लोक सगळ्यात शेवटी करतात.

मिक्सर आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबरी पॅड घाला. ओट्याचा दगड भिंतीत बसवलेला असतो, त्यामुळे मिक्सरची घरघर शेजारच्या घरातही जाते. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे (जाड लोकरी कापडाचे) तुकडे चिकटवा. पंखा खटखटत असेल तर बेअरिंग किंवा पात्यांचा तोल तपासून घ्या. घुमत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर आणि कपॅसिटर पाहून घ्या. इन्व्हर्टर डोक्याशी असेल तर बाहेर हलवा. दारांच्या चौकटीला रबरी बटणं लावली की रात्री दार आपटत नाही.

टीव्हीबद्दल थोडं जास्त लिहितो. बोलणं नीट समजायला ते आसपासच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असावं लागतं. खोलीत टीव्हीमुळे ५० डेसिबल असतील तर आजीशी ६५ ने बोलावं लागतं. मग आपण ओरडतो, ती चिडते, ती टीव्ही अजून वाढवते. कान कमी ऐकणाऱ्या माणसाला घरात एकटं पाडणारी गोष्ट बऱ्याचदा हीच असते. मुलांचंही तसंच. मागे सतत बोलण्याचा आवाज चालू असेल तर वाचलेलं लक्षात राहायला त्रास होतो, आणि कळणाऱ्या भाषेतलं बोलणं तर शब्द नसलेल्या आवाजापेक्षा जास्त अडथळा आणतं. कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद करणं हा या संपूर्ण लेखातला सगळ्यात सोपा फुकट उपाय आहे. तो आजच करा.

तपासणी: रात्री दहा वाजता दिवाणखान्यात उभं राहून एक मिनिट काहीही न बोलता ऐका. ऐकू येणाऱ्या घरातल्या प्रत्येक आवाजाचं नाव लिहा. दोनपेक्षा जास्त उरले असतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: पलंग हलवा

खोली बदलता येत असेल तर रस्त्याच्या बाजूची खोली बैठकीला आणि मागची झोपायला घ्या. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत हे सोपं जातं. वाड्याच्या आतल्या चौकाकडची (अंगणाकडची) खोली बहुधा गल्लीकडच्या खोलीपेक्षा शांत असते, तरी मानाची म्हणून गल्लीकडचीच झोपायला वापरली जाते. खोली बदलणं शक्य नसेल तर निदान पलंगाचं डोकं रस्त्याकडच्या, लिफ्टच्या किंवा शेजाऱ्याच्या बाथरूमच्या भिंतीला लावू नका. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. कपड्यांचं भरलेलं कपाट त्या भिंतीला सरकवा.

उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या उघड्या ठेवण्याऐवजी रस्त्याची बाजू बंद, मागची उघडी आणि मधलं दार उघडं अशी मांडणी करून पाहा. हवा मिळते आणि आवाज वळसा घालून येताना बराच कमी होतो. मग उशीजवळ पुन्हा मोजा.

टप्पा ५: फटी बुजवा (इथे वेळ द्या)

आवाज पाण्यासारखा असतो, फट मिळाली की आत शिरतो. चार बाय चार फुटांच्या सरकत्या खिडकीची एकूण कड सोळा फूट भरते. त्या कडेने सगळीकडे ३ मिलिमीटरची फट राहिली तर खिडकीच्या क्षेत्रफळाचा सुमारे १ टक्का भाग उघडा राहतो. इतक्या उघड्या भागाने मग काच कितीही जाड असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. जाड काच घेऊन निराश झालेल्या घरांचं गणित हे असं असतं. आणि पडदे? ते खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज जवळजवळ अडवत नाहीत. आमच्या घरी पडद्यांनी ४८ चे ४७ झाले होते. नंतर फटी बुजवल्यावर ४१ झाले. अंड्यांचे ट्रे आणि भिंतीला लावायचा स्पंज यांचंही पडद्यासारखंच आहे.

फटी शोधायचा क्रम:

१. रात्री खोलीत अंधार करा. एकाने बाहेरून, बाल्कनीतून किंवा पॅसेजमधून, टॉर्च खिडकीच्या कडेने फिरवावा. आतून जिथे उजेड दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा.

२. वारा असेल त्या दिवशी खिडकी लावून कडेजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे वळेल तिथे खूण करा.

३. उघडणाऱ्या पल्ल्यात कागदाची पट्टी धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही.

बुजवायचा क्रम असा ठेवा. आधी चौकट आणि भिंत यांमधली भेग. ती सिलिकॉन सीलंटने भरायची. त्याआधी जुना चुरा आणि धूळ काढून जागा कोरडी करा, नाहीतर सीलंट एका पावसाळ्यात सुटतो. भेग बोटाएवढी रुंद असेल तर आधी फोम भरून वर सीलंट. मग पल्ले. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत कडेला केसाळ पट्टी असते. ती काही वर्षांत बसते आणि केस झडतात. अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे तीच पट्टी मीटरवर मिळते, जुनी ओढून नवी सरकवायची. दोन पल्ले मध्ये एकमेकांवर येतात ती उभी फट लोक हमखास विसरतात. शेवटी लॉक तपासा. पल्ला लॉकने चौकटीवर दाबला जात नसेल तर पट्टी नवी असूनही उपयोग नाही.

खिडकीनंतर एसीच्या नळीचं भोक (पुट्टीने), दाराखालची फट (रबरी पट्टीने), आणि बाथरूमच्या झरोक्यातून येणारा आवाज (बाथरूमचं दार घट्ट लागेल असं करून).

वाड्यातल्या लाकडी खिडक्यांना सीलंट लावण्याआधी सुतार दाखवा. पल्ला फुगलेला असेल तर तो तासून सरळ केला पाहिजे. भिंती जाड असल्याने अशा घरात एवढं एकच काम केलं तरी आवाज चटकन उतरतो.

सावधान, आणि हे नीट वाचा: बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथला झरोका, खिडकी किंवा दाराखालची फट कधीही बुजवू नका. हवा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. स्वयंपाकघराची हवा जायची वाटही मोकळीच ठेवा. फटी बुजवलेल्या खोलीत डासांची कॉइल किंवा शेगडी लावून झोपू नका.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. ती पावसाचं पाणी जाण्यासाठी असतात. आवाजाच्या नादात ती बुजवली तर जुलैत पाणी आत येईल.

तपासणी: दुसऱ्या टप्प्यातली वजाबाकी पुन्हा करा. फरक निदान ५ डेसिबलने वाढला का? वाढला नसेल तर कुठली तरी फट राहिली आहे. काच बदलायला निघू नका, टॉर्च घेऊन परत शोधा.

टप्पा ६: नवी खिडकी, पण गरज असेल तरच

पाचव्या टप्प्यानंतरही रात्रीचा सर्वाधिक आकडा सतत ४५ च्या पुढे जात असेल तरच इथे या. माझं मत स्पष्ट आहे: जुनी खिडकी काढून ‘डबल ग्लास’ बसवण्यापेक्षा जुनी ठेवून तिच्या आत दुसरी खिडकी बसवा. दोन काचांमध्ये साधारण १० सेंटिमीटर हवा राहिली तर जड वाहनांची घरघरसुद्धा बऱ्यापैकी अडते. बाजारात मिळणाऱ्या डबल ग्लासमध्ये हे अंतर एखाद-दीड सेंटिमीटरच असतं. ते उष्णतेसाठी चांगलं, ट्रकच्या खालच्या सुरातल्या घरघरीसाठी अपुरं. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या. आतली लॅमिनेटेड (दोन काचा मधल्या पातळ प्लास्टिक थराने चिकटवलेली) असली तर आणखी चांगलं. सरकत्या पल्ल्यापेक्षा बिजागरीचा पल्ला घट्ट बसतो. दुकानदाराला ‘साउंडप्रूफ आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. ‘पल्ला लागल्यावर चारी बाजूंनी रबर दाबलं जातं का, दाखवा’ असं म्हणा आणि कागदाची पट्टी घेऊन जा.

टप्पा ७: कानातले बोळे आणि पंख्याचा आवाज

फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. बहुतेक लोक ते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. पद्धत अशी: हात धुवा. बोळा बोटांत वळून बारीक काडीसारखा करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मग स्वतःशी बोलून पाहा. आवाज डोक्यात घुमल्यासारखा आला तर नीट बसलाय. साध्या कापसाचे बोळे आवाज फारसा अडवत नाहीत. कानात तेल घालूनही आवाज अडत नाही, उलट पडद्याला भोक असेल तर त्रास होतो.

कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर बोळे घालू नका. तान्हं बाळ किंवा रात्री हाक मारणारं आजारी माणूस घरात असेल तर एकाने तरी बोळ्यांशिवाय झोपावं.

पंख्याचा एकसारखा आवाज मधूनच येणाऱ्या आवाजांना झाकतो आणि काहींना त्याने झोप लागते. त्यासाठी तो मंद असावा. झोपेसाठी लावायची आवाजाची मशीन किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज बाळाच्या पाळण्यापासून निदान दोन मीटर लांब आणि अगदी हळू ठेवा. हेडफोन लावून झोपू नका. दिवसाही जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल एवढीच आहे. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावता येते, ती मुलांच्या फोनवर लावून टाका.

टप्पा ८: बोलणं आधी, तक्रार नंतर

शेजाऱ्याशी बोलायला जाताना रात्री, चिडलेल्या अवस्थेत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा आणि उपाय हातात घेऊन जा. ‘काका, रात्री साडेदहानंतर ताईची अभ्यासाची खुर्ची सरकते ना, ती बरोबर आईच्या डोक्यावर येते. मी फेल्टचे तुकडे आणलेत, लावून देऊ का?’ एवढं पुरतं. ‘तुमच्यामुळे आमची झोप उडते’ या वाक्याने सुरुवात केली की पुढचं कुणी ऐकत नाही. मोटर, लिफ्ट, जनरेटर हे विषय सोसायटीच्या बैठकीत वहीच्या पानांसह मांडा.

बोलून भागलं नाही तर नियम माहीत हवेत. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती निदान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे ५० आणि ४०. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. सणा-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तक्रार करण्याआधी तो दिवस अशी सूट दिलेल्या दिवसांच्या यादीत आहे का, हे बघा.

लाउडस्पीकर किंवा डीजे चालू असताना ११२ वर फोन करा. ठिकाण, वेळ, कसला आवाज आणि तो किती वेळ चालू आहे, एवढंच सांगा. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड करू नये असं पोलिसांना बजावलं आहे, तेव्हा नाव गुप्त ठेवण्याची विनंती निःसंकोच करा. कारखान्याचा आवाज असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या. नाशिकचं प्रादेशिक कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे. अर्जासोबत वहीच्या पानांची प्रत जोडा आणि पोच घ्या.

सावधान: मोबाइल अ‍ॅपचा आकडा कायदेशीर पुरावा म्हणून मांडू नका. ‘अधिकृत यंत्राने मोजणी करावी’ अशी मागणी करा. त्यासाठी आवाज नक्की कोणत्या वेळी असतो हे तुमच्या वहीतून सांगता आलं पाहिजे.

ढोलाच्या दिवसांसाठी वेगळी तयारी

नाशिक ढोल ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो आणि मिरवणुकीला जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कामाच्या ठिकाणासाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पथकाजवळ किंवा डीजेच्या भिंतीसमोर आवाज याच्या पुढे सहज जातो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. भद्रकालीच्या किंवा रविवार कारंजाच्या चिंचोळ्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून तो परत येतो, त्यामुळे तिथे अंतराचा फायदा कमी मिळतो. म्हणून रुंद चौकात उभे राहा, स्पीकरच्या सरळ समोर नको, आणि दर अर्ध्या तासाने शांत जागी जा. लहान मुलांना कानांवर इअरमफ लावा. तान्ह्या बाळाला नेऊच नका. पथकात वाजवणाऱ्यांनी सरावालाही बोळे घालावेत, कारण मिरवणूक एक दिवसाची आणि सराव महिनाभराचा असतो.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा बोलणं दबल्यासारखं ऐकू येत असेल तर ती इजेची खूण आहे. पुढचे दोन दिवस कानांना पूर्ण विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जा. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. पथकातली मुलं आणि कारखान्यात प्रेसवर काम करणारे यांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्यावी. आवाजाने झालेली इजा तपासणीच्या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा म्हणून आधी दिसते, तेव्हा रोजचं बोलणं अजून नीट ऐकू येत असतं.

टप्पा ९: शांततेचा रतीब, मग पुन्हा मोजणी

आवाज कमी केल्यावर कानाला बरं वाटणारं काहीतरी द्या. पक्ष्यांचा आणि पाण्याचा आवाज ताण कमी करतो, हे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासलेलं आहे. गंगापूर धरणाकडची पहाट, चामर लेणीचा पायथा, किंवा जवळच्या बागेतला तासभर, जे रोज जमेल ते. मात्र तिथे कानात इअरफोन नको.

महिन्याभराने दुसऱ्या टप्प्यातली मोजणी त्याच फोनवर, त्याच जागी, त्याच तीन वेळांना करा आणि वहीतले झोपेचे गुण शेजारी लिहा. आकडा उतरला पण गुण वाढले नसतील तर आवाज हे एकमेव कारण नव्हतं. घोरणं, रात्रीचा चहा किंवा औषधाची वेळ याबद्दल डॉक्टरांशी बोला आणि वही सोबत न्या. पंचवटी, रामकुंड, तपोवन परिसरात राहत असाल तर ही मोजणी सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी एकदा करून ठेवा. २०२७ च्या पर्वकाळात आवाज किती वाढला हे सांगायला तुमच्या हातात आधीचं पान असायला हवं.